उद्याची भाकर

आमच्या शेजारच्या साळवेकाकांबरोबर प्रार्थना म्हणायची तर अंगात सबुरी हवी. सगळे डोळे मिटून येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणत असतात, ‘रोजची भाकर’पर्यंत येतात आणि काका एक डोळा उघडून म्हणतात, “थांबा. मुळात ‘रोजची’ नाहीये.”

काका मानपाड्याला रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होते. मूळ नमुना हातात आल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही. निवृत्त झाल्यावर ही खोड बायबलातल्या शुभवर्तमानाकडे वळली. ते मूळचं ग्रीकमधलं, म्हणून ठाण्याच्या चर्चमधल्या एका तरुण पाळकांकडे जाऊन काका चक्क ग्रीक शिकले. तेव्हापासून सोसायटीची नोटीस लागली तरी विचारतात, “मुळात काय होतं?” काका लिफ्टपाशी दिसले की सेक्रेटरी हल्ली जिन्याने जातात.

भाकरीआधीचा तो मूळ ग्रीक शब्द मात्र काकांचा जीव की प्राण. ‘एपिऊसिओस’. या प्रार्थनेबाहेर तो जवळजवळ कुठे सापडतच नाही, त्यामुळे नक्की अर्थ कुणालाच ठाऊक नाही. कुणी रोजची म्हणतं, कुणी गरजेपुरती, कुणी उद्याची. आमच्या घरी गणपतीची आरती धड कुणाला पाठ नाही, पण हा शब्द मला पाठ आहे.

यंदा काकू आजारी पडल्या. मोठ्या दुखण्यातून उठल्या, पण जेवणच सोडलं. डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम संपलं, आता पोटात अन्न जायला हवं. काकू म्हणायच्या, पुरे झालं आता. काका ताट घेऊन बसायचे आणि तसंच परत न्यायचे. बघवत नसे.

रविवारी पाळकांसह चर्चची मंडळी त्यांच्या घरी प्रार्थनेला आली. मीही गेलो होतो. ‘रोजची भाकर’ आली आणि सवयीने सगळे थांबले. काकांचा डोळा काही उघडला नाही.

शेवटी काकूंनी डोळे उघडले. “अहो, आज काही दुरुस्ती नाही?”

“आहे,” काका म्हणाले. “लोकांना मी तिन्ही अर्थ सांगतो. पण हल्ली स्वतः मागताना एकच धरतो. उद्याची भाकर आज दे.” “उद्या तू असावीस म्हणून.”

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं.

“आजच द्यायची असते ना?” त्या म्हणाल्या. “मग आणा. अर्धीच. दुधात कुस्करून.”

काका धावतच स्वयंपाकघरात गेले. प्रार्थना अर्धीच राहिली होती, पण पाळकांनाही ती पुरी करायची घाई दिसली नाही. आम्ही सगळे भांड्यांचा आवाज ऐकत बसलो.