देवरावजींची पट्टी

घाटंजीत आमच्या शेजारी राहणाऱ्या देवरावजींच्या खिडकीला पडदे नाहीत, एक्स-रे आहेत. सगळे एकाच मानेचे, म्हणजे त्यांच्याच. त्यांच्याकडे चहाला गेलं की आधी मणके बघावे लागतात. कौतुक कमी पडलं तर बशीतली बिस्किटं आत जातात.

देवरावजी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. मानेचे मणके दबून हात बधिर झाले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, मधे ठोकळे बसवू. वरून, घशाच्या बाजूने, पट्टी लावली तरी चालेल, नाही लावली तरी चालेल. फिटर खवळला. "नुसती पाचर कायले ठोकता? पट्टी मारा, चांगले इस्क्रू कसा!"

दवाखान्यात शेजारच्या खाटेवर नेरचे किसनभाऊ होते, तेही मानेसाठीच. त्यांनी बिनपट्टीचे ठोकळे घेतले आणि भांडण जुंपलं. तेव्हापासून दरवर्षी पोळा झाला की दोघं ठरवून यवतमाळच्या दवाखान्यात एक्स-रे काढतात. मान वळत नाही, म्हणून समोरासमोरचे बाक धरून भांडतात.

"तुहा ठोकळा धसला ना, किसन!"

"धसू दे. मी भाकर खाऊन राह्यलो. तुह्या घशात पट्टी अडते, तू कालवून खाय!"

दोन्ही खरं आहे. किसनभाऊ मात्र येताना देवरावजींसाठी डब्यात मऊ शिरा आणतात.

यंदा मी सोबत गेलो होतो. किसनभाऊ बाहेर बाकावर. आत डॉक्टर म्हणाले, "तुमचं हाड पक्कं जुळलंय, त्यांचंही. पट्टी काय, बिनपट्टी काय, तुम्हा दोघांत आता फरक नाही. दरवर्षी यायची गरज नाही."

जिंकले नाहीत, हरलेही नाहीत. देवरावजींचा चेहरा मात्र उतरला. बायको गेल्यापासून त्या घरात चहाला मी आणि एक्स-रे, एवढेच. मला फार वाईट वाटलं.

मग अख्खे देवरावजी दाराकडे वळले. बाहेर जाऊन किसनभाऊंसमोर बसले.

"तू जितला लेका. माहा एक इस्क्रू ढिल्ला निघाला. पुढच्या साली पुन्हा फोटो काढा लागते."

इतक्या वर्षांत आपल्या पट्टीत खोट निघाली, असं हा माणूस पहिल्यांदा म्हणत होता, आणि तेही खोटं.

"मंग?" किसनभाऊ.

"मंग काय? येजो पाह्यले. एकट्याले करमत नाही इथं."

किसनभाऊंनी डब्याचं झाकण काढलं. "येतो ना बे. खाय आता."