बिनधुराची बेकरी

आमच्या गल्लीतल्या बेकरीत बावीस वर्षं पाव वेळेवर भाजला जात होता. ही बाब ऊर्जा परिवर्तन कार्यालयाच्या निदर्शनास आली, तेव्हा त्यांनी तिची गंभीर दखल घेतली.

बेकरी मावशींची. त्या नेमक्या कोणाच्या मावशी हे कोणालाच ठाऊक नाही, पण सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणते आणि त्यांच्या नवऱ्याला काका. पहाटे त्यांची डिझेलची भट्टी पेटायची, सहाला पहिली लादी बाहेर यायची आणि सहा वाजून दहा मिनिटांनी ती संपलेली असायची. भट्टीचा धूर थेट माझ्या खिडकीत यायचा. त्यामुळे धुराविरुद्धच्या तक्रार अर्जावर पहिली सही माझी होती आणि पावाच्या रांगेत पहिला नंबरही माझाच असायचा. यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही, आताही वाटत नाही.

डिझेल महागलं तसा मावशींनी त्या कार्यालयाच्या सूर्यभट्टी योजनेचा अर्ज भरला. काकांना हे पसंत नव्हतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं ते पीठ मळता मळता म्हणाले. मावशींनी उत्तर दिलं, "अहो, सूर्य कुठं पळतोय? रोज इथंच तर येतो." काका पुन्हा पिठाकडे वळले. ते नेहमीच तसे वळायचे.

आठवड्याभरात कार्यालयाचे साहेब आले. त्यांच्या फायली, शाईचं पेन आणि मोजे हिरवे असल्यामुळे गल्लीने त्यांचं नाव हरित साहेब ठेवलं. त्यांची भलीमोठी डिझेल गाडी दारात चालूच होती, कारण इंजिन बंद केलं की आतला गारवा जातो आणि मग साहेबांना निर्णय सुचत नाहीत. त्यांनी भट्टीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि तिच्या तोंडाला लाखेचं सील ठोकलं.

नवीन भट्टी येईपर्यंत पाव कशावर भाजायचा, असं मावशींनी विचारलं.

"बाई, नवीन भट्टी फक्त जुनी बंद असलेल्यांनाच मिळते," साहेब म्हणाले. "तुम्ही आत्ताच पात्र झालात. अभिनंदन."

जाता जाता त्यांनी दुकानाची वीजजोडणीही तोडली. तारेतून येणारी वीज कोळशाची असते आणि तिच्या संगतीत सूर्याची वीज बिघडते, असं परिपत्रक होतं.

दोन महिन्यांनी छतावर सौर पट्ट्या बसल्या आणि दुकानात चकचकीत विजेची भट्टी आली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मावशींनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. मावशींनी तक्रार केली, साहेबांनी चौकशी केली आणि लाभार्थीने सूर्योदयापूर्वी बटण दाबल्याबद्दल लेखी समज दिली.

आता यावर उपाय साधा होता. दिवसा वीज साठवायची आणि पहाटे वापरायची, म्हणजेच बॅटरी. ती त्याच कार्यालयात, पण दुसऱ्या खिडकीवर मिळायची. त्या खिडकीचा नियम असा, की ज्याच्याकडे शिल्लक वीज असेल त्यालाच ती साठवायला बॅटरी. शिल्लक सिद्ध करण्यासाठी तीन महिने भट्टीला हात लावायचा नाही. मावशींचं घर चालायचं ते या दुकानावर. तीन महिने म्हणजे होतं नव्हतं ते बचतीचं गाठोडं सोडायचं. त्यांनी ते सोडलं. काकांच्या हातांना मात्र हे कळेना, ते रोज पहाटे उठून उशा मळायचे. घरातल्या चारही उशा अतिशय मऊ झाल्या.

तीन महिन्यांनी हरित साहेब मोजणीला आले. धूर शून्य, डिझेल शून्य, वीजवापर शून्य. एका पावामागे प्रदूषण किती, हे काढण्यासाठी त्यांनी शून्याला शून्याने भागलं. गणकयंत्राने उत्तर द्यायला नकार दिला. कामगिरी अतुलनीय असल्याचा तो पुरावा आहे, असा शेरा साहेबांनी मारला. मावशींची बेकरी आदर्श हरित बेकरी ठरली आणि त्यांना शाल व ढाल मिळाली. बॅटरी मिळाली नाही. ज्यांचा वापरच शून्य आहे त्यांना साठवणुकीची गरज काय, असं दुसऱ्या खिडकीचं म्हणणं पडलं, आणि खरं सांगायचं तर ते आम्हा सगळ्यांना पटलं.

मग पाहणीसाठी शिष्टमंडळं येऊ लागली. एकही पाव न भाजता बेकरी इतकी स्वच्छ कशी ठेवता, असं पाहुणे मावशींना कौतुकाने विचारत. पाहुण्यांना चहाबरोबर पाव लागायचा. तो मागच्या गल्लीतल्या बेकरीतून यायचा. तिथल्या बेकरीवाल्याने आमच्या गल्लीचंही गिऱ्हाईक आल्यामुळे दुसरी डिझेल भट्टी टाकली होती. त्याचा धूर त्याच्या गल्लीत मोजला जाई, त्यामुळे आमच्या गल्लीच्या तोंडाशी 'धूरमुक्त गल्ली' अशी पाटी लागली. मी तिच्यासमोर उभा राहून फोटो काढून घेतला आहे.

एके दिवशी मावशींचा धीर सुटला. बॅटरी गेली खड्ड्यात, म्हणाल्या, आणि भर दुपारी बारा वाजता त्यांनी बटण दाबलं. भट्टी तापली. काकांनी खरं पीठ मळलं. दोन वाजता अशी काही सोनेरी लादी बाहेर आली, की बावीस वर्षांत तसा पाव मी पाहिला नव्हता. मावशी टेबल मांडून दारात उभ्या राहिल्या. आज पाव खपला तर दुकान राहील, नाहीतर महिनाअखेर सोडावं लागेल, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

रांगेत पहिला नंबर माझा, म्हणून त्यांनी मलाच हाक मारली. "या, उन्हावरचा पाव आहे. धूर नाही, डिझेल नाही. गरम आहे."

मी म्हणालो, "मावशी, आत्ताच जेवण झालं हो. पाव लागतो तो सकाळी सहाला."

"मग आत्ता न्या आणि उद्या सकाळी खा."

"शिळा?" मी विचारलं.

मावशींनी पुढच्याला हाक मारली. गल्लीतल्या बाकीच्यांनीही थोड्याफार फरकाने हेच विचारलं. संध्याकाळी त्या आणि काका पायरीवर बसून आपलाच पाव खात होते. मला फार वाईट वाटलं. माणसाला वाईट वाटलं की त्याने काहीतरी केलं पाहिजे, म्हणून मी त्याच दिवशी गल्लीची सभा बोलावली आणि तीनशे बारा सह्यांचा अर्ज तयार केला. पर्यावरणाचं हित आणि नागरिकांच्या न्याहारीची वेळ लक्षात घेता सूर्योदय पहाटे तीन वाजता करण्यात यावा, अशी त्यात नम्र विनंती आहे. हरित साहेबांनी अर्ज स्वीकारला. मागणी रास्त असून ती वर पाठवली आहे, असं ते म्हणाले. वर म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही.

दुकान महिनाअखेर सुटलं. तिथे आता हरित ऊर्जेचं माहिती केंद्र आहे आणि मावशी त्यात पत्रकं वाटतात.

अर्ज अजून खुला आहे. तुमचं हसून झालं असेल तर सही करायला या. कालचा पाव आज सकाळी खायची तयारी असलेल्यांनी मात्र येऊ नये. त्यांच्यासाठी एक बिनखर्चाची योजना मावशींनी काढली होती. तिला आपल्यापैकी एकही लाभार्थी मिळाला नाही.