रात्रीची सावली

योगीराजला अंधार बघवत नाही, ही त्याच्या आत्याची, कासाबाईची, फार जुनी तक्रार होती. पोरपणी तो परसाकडं जाताना कंदील घेऊन जायचा, त्यामुळं ही खबर अख्ख्या गल्लीला कळायची. पुढं तो पूर्णेचा नगरसेवक झाला आणि कंदिलाची उंची तेवढी वाढली.

कासाबाईच्या दारापुढच्या मोकळ्या जागेत एक निंब होता. योगीराजनं तिथं 'आरोग्य उद्यान' केलं. आरोग्यासाठी चालणं आवश्यक, चालण्यासाठी उजेड आवश्यक, सबब मधोमध उंच खांब रोवून त्यावर दिव्यांचं झुंबर टांगण्यात आलं. उद्घाटनाला लोकांनी तळहात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून गल्लीत कुणाचा डोळा लागला नाही. कासाबाईच्या मेंढ्या रात्रभर उभ्याच. कोंबड्याचा गळा आरवून आरवून बसला. झोप येईना म्हणून माणसं उठून उद्यानात चकरा मारू लागली. योगीराजनं वर कळवलं, 'नागरिक अवेळीही व्यायाम करीत असून प्रतिसाद उदंड आहे. तरी वाढीव दिवे मंजूर व्हावेत.' झाले. मग मानाचा म्हणून प्रत्येकानं आपापल्या दारापुढंही एकेक दिवा लावून घेतला.

तेव्हा निंबाची रात्रीसुद्धा सावली पडू लागली. कासाबाईनं सावलीत बाज टाकली. पाठोपाठ शेजारचा भुजंग आला, मग गल्ली लोटली. "पाय आवर, माझ्या सावलीत आलास!" अशी भांडणं लागली. शेवटी कासाबाईनंच जागा वाटल्या : बाळंतिणी खोडाजवळ, म्हातारे मधे, घोरणारे पार कडेला.

रीतसर पाहणी झाली. 'सदर वृक्ष नागरिकांना प्रकाशापासून वंचित ठेवतो,' असं ठरलं. तोडीचा हुकूम निघाला. मुदत त्याच दिवशी सूर्य मावळेपर्यंत.

भर दुपारी योगीराज करवतवाले घेऊन आला. कासाबाई खोडाला पाठ लावून बाजेवर बसलेली.

"ऊठ आत्या. लोकांच्या आरोग्याचा सवाल हाय."

"तुजे डोळे का रं असे मिरचीवानी लाल?"

"माझ्या दारापुढं सगळ्यात मोठा दिवा हाय. मानाचा."

"मंग झोपतूस कवा?"

"लोकसेवकाला कशाची झोप?" म्हणत तो बाजेच्या कडेला टेकला. "आत्या, विकासाच्या आड सावली..."

पुढं घोरणंच आलं. करवतवाले वाट बघत बसले, मग तेही लवंडले. साहेबांना उठवायचा अधिकार कुणालाच नव्हता.

सूर्य मावळला, हुकूम संपला. झुंबर पेटलं, कोंबड्यानं बसक्या गळ्यानं बांग दिली आणि योगीराज दचकून उठला.

"आत्या, झाड?"

जमलेली गल्ली खो खो हसली. कासाबाईनं पदर खोचला.

"झाड हाय तिथंच हाय. योग्या, तुला उजेड लोकांसाठी पायजे आन सावली सोताला. पर तुला एकट्याला बोल लावत न्हाई मी. हे हासायलेत न्हवं, त्यांना इचार, तुमच्या दारापुढचा दिवा काढू का? बघ, एक तरी हो म्हणतो का!"