ओढ्याचा समारंभपूर्वक नमुना

जमिनीत युरेनियम आहे का, हे आधी ओढ्याला विचारतात. ओढा डोंगराची चुगली करतो; वरून जे आणलं ते पाण्यात आणि तळच्या गाळात ठेवतो. बाटलीभर पाणी, पिशवीभर गाळ घ्यायचा अन् गुमान प्रयोगशाळेत द्यायचा, एवढंच काम. भूशास्त्रज्ञ गयास त्यालाच निघाला होता. तो कंत्राटी, हा नमुना धड गेला तर नोकरी पक्की.

पण साहेब व्यंकटरावांच्या मते शुभारंभाशिवाय सरकारी बाटली पाण्यात बुडत नसते. पाहुणे ठरले. त्यांचे बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून ओढ्यात खदानीतला मुरूम ओतला. मुरमानं होतं ते पाणी पिऊन टाकलं. कोरड्या ओढ्यात फोटो कसा काढायचा? टँकर मागवला.

गयासनं हात जोडले. मुरूम खदानीचा, पाणी टँकरचं, मग ओढ्याचं राहिलं काय?

"जागा," साहेब म्हणाले. "जागा तर ओढ्याचीच हाय ना? कर नमुन्यावर सही."

त्यानं केली. अहवाल आला: पाण्यात युरेनियम, तेही लई. साहेबांनी पेढे वाटले. गयासनं पेढा खिशात टाकला आणि टँकरवाल्याला गाठलं. पाणी कुठलं?

"गारखेड्यातलं, गयासभाई. तुमच्याच सोसायटीच्या बोअरचं."

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. खरं बोललो तर नमुना खोटा ठरेल, नोकरी जाईल.

"नोकरीचं बघू नंतर," झेबा म्हणाली. "आपली पोरगी युसरा रोज हेच पाणी पितेय."

त्याच संध्याकाळी गयासनं सोसायटीची बैठक बोलावली आणि न अडखळता सगळं सांगून टाकलं: हे पाणी पिऊ नका, बोअर बंद करा. सभागृह गंभीर झालं. मग सचिव उमाताईंनी चष्मा पुसत विचारलं, "निघालेलं युरेनियम सरकारचं, की सोसायटीचं?"

तिथून चर्चा रुळावर आली. पार्किंगखाली जास्त निघालं तर पार्किंगवाल्यांचा वाटा किती, यावर दोघांनी एकमेकांची कॉलर धरली. शेवटी एकमतानं ठराव झाला: बोअरला कुलूप लावावं, बाहेरच्या टँकरांना थेंब देऊ नये, हे पाणी फक्त सभासदांनीच प्यावं.

गयासची नोकरी गेली. त्याच्या घरी आता जारचं पाणी येतं, म्हणून शेजारी त्याला सोसायटीद्रोही म्हणतात. फोन मात्र दिवसभर वाजतो. आम्ही ते पाणी प्यायलो, आता काय करू, असं अजून एकानंही विचारलेलं नाही. सगळे विचारतात, तुमच्या सोसायटीत टू बीएचके शिल्लक आहे का.

तुम्ही हसताय, हसा. फक्त सोसायटीचं नाव आम्हाला विचारू नका. सकाळपासून तेच सांगून घसा बसलाय.