कंबरपट्ट्याचा सतरावा संस्कार

चांदीला मनातले मनात ठेवता येत नाही, हा तिचा मूळ दोष आहे. सोने कुणाच्या घरी कुठल्या वाटेने आले, याबद्दल ते चकार शब्द काढत नाही. चांदीचे तसे नाही. घाम लागला, काळी पडली. कांदा चिरला, काळी पडली. शेजारीण बघून गेली, काळी पडली. (या शेवटच्या कारणाला शास्त्राचा आधार अद्याप मिळालेला नाही, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत त्याची गरजही भासलेली नाही.) असा तोंडाळ धातू सभ्य घरात बाळगायचा, तर त्याचे तोंड बंद करणे ओघानेच आले.

त्यासाठी मनुष्याने जे उपाय योजले, त्यांत सर्वांत सभ्य उपाय म्हणजे रोडियम. हा धातू चांदीहून दुर्मिळ, चांदीहून पांढरा आणि चांदीहून कितीतरी गप्प. तो चांदीवर इतका पातळ चढवतात की तो आहे यावर विश्वासच ठेवावा लागतो. कोल्हापुरात तो आला मुंबईहून, कापसात गुंडाळून, एका कंबरपट्ट्याच्या अंगावर बसून, गुजरी या सराफी पेठेतल्या गणपतराव पोतदारांच्या दुकानात. तिथून तो हंबीरराव मोरबाळ्यांच्या घरी गेला, याचे खापर मात्र संस्थानाच्या विलीनीकरणावरच फोडावे लागेल.

हंबीरराव दरबारच्या जामदारखान्यात होते. राज्याचे जडजवाहीर आणि चोपदारांच्या चांदीच्या काठ्या ठेवण्याची ती जागा. काठ्या केरबा नावाचा इसम पुशी. केरबा पुसतो की नाही, हे हंबीरराव बघत. हंबीरराव बघतात की नाही हे बघायला वर एक अंमलदार होते, परंतु ते दुपारी झोपत. अशी चोख व्यवस्था चालू असताना एकोणपन्नास साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, काठ्या कुठेतरी जमा झाल्या, केरबा एस.टी.त चिकटला, आणि हंबीररावांची नजर मोकळी पडली. उभी हयात चांदीवर रोखलेली ती नजर मग घराकडे वळली. पत्नी बायडाबाई फोडणी कशी घालतात, हे ते पाठीमागे हात बांधून दोन वर्षे बघत होते.

"संस्थान गेलं म्हनत्यात," बायडाबाई नळावर सांगत. "गेलं कुठं? माझ्या चुलीपाशी यिऊन बसलंय."

त्यात मुलीचे लग्न निघाले. मुलगी नंदिनी, एकुलती एक. (नंदिनी सावळी होती. घरात याचा उच्चार 'गव्हाळ' असा करीत.) आधीची तीन स्थळे पोहे खाऊन, मुलीच्या रंगाकडे बघून, पत्रिका जुळत नसल्याचे कळवून परत गेली होती. आता नेसरीच्या पिराजीरावांच्या वसंताचे स्थळ आले. ऊस, गुऱ्हाळ, दारात बैल, मुलगा बी.ए. पुरुष मंडळी मुलगी बघून गेली, तेव्हा बायडाबाईंनी नंदिनीवर स्नो आणि पावडरीचे दोन हात चढवले होते आणि मुलीला खिडकीपासून लांब बसवले होते. मंडळी खूश झाली. अट एकच आली: थोरल्या सुनेच्या कमरेला खरी चांदी हवी. ती बघायला मुलाची आत्या तानाबाई स्वतः सुपारीच्या दिवशी येणार होती. पिराजीरावांच्या घरात शेवटचा शब्द तिचा असे; बहुधा पहिलाही. तिने मान हलवली तर लग्न, नाही तर चौथ्यांदा पोहे वाया.

म्हणून हंबीरराव गुजरीत गेले. पोतदारांनी पट्टा कापसातून काढला आणि दुकानात उजेड पडला.

"ह्यो मुलामा म्हनायचा व्हय?" हंबीररावांनी विचारले.

पोतदारांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "सरकार, मुलामा पितळेला. खोट्यावर खऱ्याचा देतात, तो मुलामा. हा खऱ्यावर त्याहून खऱ्याचा. ह्याला संस्कार म्हणायचं."

शास्त्रात सोळा संस्कार सांगितले आहेत. सतरावा गुजरीत मिळतो, हे हंबीररावांना त्या दिवशी कळले.

"काळा पडंल?"

"हयातीत नाही." (कुणाच्या, याचा खुलासा पोतदारांनी केला नाही.) "फक्त घाम लावू नका, तेल-अत्तर लावू नका. चिंच, राख, विटकर तर जवळ नको, घासलं की संस्कार गेला. दुसऱ्या दागिन्याशी ठेवू नका. कांदा, लसूण, अंडं, ह्यांची वाफ चांदीला वाईटच. मऊ कापडानं हलकं पुसायचं, झालं."

यातले शेवटचे 'झालं' हंबीररावांनी ऐकले नाही. मनुष्य दोन वर्षे बिनकामाचा बसला की त्याला हा शब्द ऐकू येईनासा होतो.

घरी आल्यावर त्यांनी व्यवस्था लावली. घाम येऊ नये म्हणून नंदिनीने पट्टा घालून हलू नये असे ठरले. मग, बोलण्यानेही अंग तापते, सबब बोलू नये. मग, एवढे जोखमीचे काम मुलीकडे देण्यापेक्षा तिने तो घालूच नये. रोज थोडा वेळ समोर बसून त्याची सवय करून घ्यावी. इतर चांदीशी संबंध नको म्हणून बायडाबाईंना त्या खोलीत मज्जाव झाला, कारण त्यांच्या पायांत जोडवी होती आणि सौभाग्य उंबऱ्याबाहेर काढून ठेवता येत नाही. पुसायला दरबारी फेट्याचा मऊ तुकडा मुक्रर झाला. पुसायचे डावीकडून उजवीकडे. उलट पुसल्यास संस्कार गोंधळतो. केरबा नसल्यामुळे पुसणारा आणि पुसतो की नाही हे बघणारा, ही दोन्ही पदे एकाच इसमाकडे आली. त्यात कसूर राहू नये म्हणून हंबीरराव समोर आरसा ठेवून पुशीत आणि आरशातल्या माणसावर सक्त नजर ठेवीत. तोही ठेवी.

राहिली वाफ. कांदा, लसूण, अंडे बंद म्हणजे रस्सा बंद. रविवारी रस्सा न शिजणारे घर शिवाजी पेठेत सुतकातलेच असते, अशी समजूत असल्यामुळे पहिल्या रविवारी शेजारणी पिठलंभाकरी घेऊन समाचाराला आल्या.

"कोन गेलं वो?" त्यांनी दबक्या आवाजात विचारले.

"कोन न्हाय बाई, कंबरपट्टा आलाय," बायडाबाई म्हणाल्या.

पेठेत बातमी फिरता फिरता रोडियमचे रेडियम झाले. घड्याळाचे काटे अंधारात चमकतात ते रेडियमने, एवढे ज्ञान तालमीपर्यंत पोचलेले होते. तेव्हा तालमीतले पाच-सहा पैलवान पट्टा बघायला आले, दारे-खिडक्या लावून घेऊन त्याच्यापुढे बसले आणि घामाने निथळत बाहेर पडले. काही चमकले नव्हते. एकाने चमकल्याचे सांगितले. पेठेने त्याचे मानले. हंबीररावांनी पुढचे दोन दिवस खोलीला वारा घातला.

सुपारीचा दिवस उजाडला. नेसरीची मंडळी आली: पिराजीराव, कोट घातलेला वसंत, आणि मागून तानाबाई. काळीशार, उंचनिंच बाई. पायांत चांदीचे तोडे, तेही असे काळे की कुणी लोखंडाचे समजावे. पट्टा त्याच्याच खोलीत पाटावर मखमलीत मांडला होता; मज्जावामुळे बायडाबाई उंबऱ्याबाहेरच होत्या. तानाबाई त्याच्यावर वाकली.

"पावणं, कवा केला ह्यो?"

"चार म्हैनं झालं, आत्याबाई."

"आनि काळा पडला न्हाय?"

"जराबी न्हाय!" हंबीरराव फुलून आले. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणी योग्य प्रश्न विचारला होता.

तानाबाईने पाय पुढे केला. "ही बगा. माझ्या सासूनं घातल्याली, आता मी घालतो. ह्याला चांदी म्हंत्यात. काळं पडत न्हाय त्ये जर्मन."

(जर्मन म्हणजे जर्मन सिल्व्हर. त्याचे तांब्या-पेले त्या काळी घरोघरी होते आणि त्यात चांदी औषधालाही नसे.)

हंबीरराव लालेलाल झाले. त्यांनी संस्कार समजावून सांगितला; मुंबईपासून सुरुवात करून आरशापर्यंत आले. तोवर चिवड्यात गढलेल्या पिराजीरावांनी मान वर केली.

"म्हंजी मुलामा म्हना की!"

मुलगी चौथ्यांदा घरात राहते की काय, हा प्रश्न आता त्या पाटावर लखलखत पडला होता. जितका पुसावा तितका पट्टा अधिक खोटा दिसत होता, आणि चार महिने तो हंबीररावांखेरीज दुसऱ्या कुणी पुसला नव्हता.

"खाली खरी चांदी हाय म्हंता," तानाबाई म्हणाली. "मग झाकलीया कशापायी? मी तर खोटं झाकल्यालं बगितलंय. खरं झाकल्यालं कुनी बगितलं आसंल तर सांगा की."

हंबीररावांनी फेट्याचा तुकडा पट्ट्यावरून एकदा फिरवला. दरबारात हा प्रश्न कधी निघाला नव्हता.

तानाबाई पुन्हा पावडर चढवून खिडकीपासून लांब बसवलेल्या नंदिनीकडे वळली. "आनि पोरीवर बी क्येलाय काय संस्कार?"

बायडाबाईंनी डोळे मिटले. तानाबाईने पदराचे टोक तांब्यात बुडवले आणि नंदिनीचा गाल पुसला. डावीकडून उजवीकडे नव्हे, भांडे पुसावे तसा. पांढऱ्याधोप गालावर सावळा पट्टा उमटला. तानाबाईने पदराकडे बघितले, गालाकडे बघितले, मग स्वतःच्या हाताकडे.

"आता कसं!" ती म्हणाली. "हिला म्हंत्यात चांदी."

"आत्याबाई," नंदिनी म्हणाली. पट्ट्यासमोर गप्प बसून बसून तिचा आवाज खरखरीत झाला होता. "दुसरा गालबी पुसा की. अर्धीच खरी कशाला?"

तानाबाई हसली ती अशी, की रस्त्यावरचे कुत्रे उठून बसले. "पोरगी पास! पट्टा नापास. खरा आसंल तर काळा करून दावा, मग सुपारी फोडू."

"संस्कार हाय त्यो!" हंबीरराव पाटाआडवे झाले. "कुनी हात लावायचा न्हाय!"

"अवं, बाजूला व्हा," बायडाबाई जोडवी वाजवीत थेट त्या खोलीत शिरल्या. "पोरीचा संस्कार निघाला तवा लगीन जमाय लागलं. पट्ट्याचा निघाला तर काय आभाळ कोसळतंय?"

हंबीरराव हलले नाहीत. तेव्हा नंदिनीनेच पट्टा उचलला. "आबा, चार म्हैनं तुमी पुसलासा. आता मी घासतो."

ती मागच्या परड्यात गेली, चिंच आणि विटकर घेऊन बसली आणि घासू लागली. हंबीरराव पाठीमागे हात बांधून उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांच्या तोंडून सवयीने गेले, "डावीकडनं." ती उजवीकडून घाशीत होती. मुंबईचा पांढरा तोरा कडेकडेने उतरत गेला आणि खालून मऊ, करडी, अंग चोरून बसलेली चांदी बाहेर आली. शेजारून अंडी आली. उकडून, पिवळा बलक कुस्करून तो पट्ट्याला फासला आणि वर भांडे झाकले. तोवर चुलीवर चार महिन्यांनी रस्सा चढला. पान वाढायच्या वेळी भांडे उचलले, तर पट्टा म्हशीच्या शिंगासारखा काळा.

तानाबाईने तो हुंगला आणि नंदिनीच्या कमरेला बांधला. सुपारी फुटणार, इतक्यात बायडाबाईंनी पदर खोचला.

"थांबा की वाईच. पानी हायच तांब्यात. जावयाचं बी बगून घिऊ. बी.ए. कंच्या साली झालासा?"

वसंताने वडिलांकडे बघितले. वडिलांनी रश्श्याकडे बघितले. पहिल्या पुसण्यात बी.ए.चे 'बी.ए.ला बसलेले' झाले. दुसऱ्यात 'एका पेपराला बसलेले'. तिसऱ्यात खाली इंटर (बी.ए.च्या आधीची परीक्षा) लागली, आणि तीही पोचे पडलेली.

"चालंल मला," नंदिनी म्हणाली. "त्वांड काळं पडलंय म्हंजी खरं आसनार."

सुपारी फुटली. मंडळी रस्सा प्याली. लग्न झाले, आणि पट्टा नेसरीत रोज घामात, धुरात, शेणात वावरून आणखी आणखी खरा होत गेला.

हंबीरराव मात्र पोतदारांकडे भांडायला गेले. पोतदारांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, दोनदा पुन्हा सांगायला लावले, आणि आठवड्याभरात दुकानावर पाटी लागली: 'अस्सल काळी चांदी. मुंबईहून काळी करून आणलेली. कितीही घासा, पांढरी पडणार नाही.' हा अठरावा संस्कार. कोल्हापुरात त्याची इतकी चलती झाली की खरी, म्हणजे आपोआप काळी पडलेली चांदी लोक ओशाळून आत ठेवू लागले. दुकानात मऊ कापड घेऊन बसायला एक माणूस ठेवला गेला, आणि तो पुसतो की नाही हे बघायला हंबीरराव. त्यांची तब्येत सुधारली.

अशा रीतीने चांदी काळी चालू लागली. मुली अजून गोऱ्याच मागतात.

हे वाचून वाचकाला तानाबाईचे कौतुक वाटले असेल, आणि आपणही मुळात त्याच विचारांचे आहोत असे जाणवून चेहरा किंचित उजळला असेल. या उजाळ्याची निगा अशी राखावी: मऊ कोरड्या कापडाने हलके टिपावे, डावीकडून उजवीकडे. घाम येईल असे काही करू नये. आणि घरात मुलासाठी मुली बघणे चालू असल्यास तो चेहरा, पाण्याचा तांब्या पोचणार नाही अशा जागी, कापसात गुंडाळून ठेवावा.