बोंडेकाका झाडं वाजवून बघतात

शेजारचे बोंडेकाका झाडं वाजवून बघतात. वाकवलेल्या बोटांनी दोनदा टकटक, मग कान लावायचा. इतवारीत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, तिथली ही सवय. शहराच्या टोकावरच्या जंगल-उद्यानात पहिल्याच दिवशी फाटकाजवळचा बुंधा सिमेंटचा निघाला. तेव्हापासून त्यांचा अख्ख्या जंगलावर संशय आहे.

चितळ दिसलं की म्हणतात, "पाळलेलं आहे. पाह्य पाय त्याचे, किती साफ!" मोर ओरडला की, "टेप आहे वं. झाडीत भोंगा लपवला असन."

मी "हो काका" म्हणते. मला वाद घालता येत नाही, इथे येऊन शिकलेल्या मराठीत तर नाहीच.

माझा संशय काकांवरच होता. ते मला रोज काकूंच्या पासवर आत नेत. काकू दिवाळीआधी वारल्या. "पास वाया काहून घालवाचा?" फोटोत काकू साठीच्या, मी बावीसची. फाटकापाशी मी ओढणी डोक्यावर घ्यायची. जगाची लबाडी शोधणारा हा माणूस मलाच लबाडी करायला लावत होता.

गेल्या आठवड्यात गार्डने पास हातात घेऊन नीट पाहिला.

"काका, हे तं काकू नाही नं."

"मंग? तुह्या आधारवरचा फोटो तुह्यासारखा दिसते का?"

गार्ड हसला. "ताईचा नवीन काढा. हा रद्द करून टाकतो."

मला सुटल्यासारखं वाटलं. काका मात्र पासचं दुसरं टोक सोडेनात.

"रद्द नको करू गा," ते म्हणाले. "तिचं नाव राहू दे."

गार्डने हात काढून घेतला. मी खिडकीवर तिकीट काढलं. काकांनी पास खिशात ठेवला आणि वरून हात दाबून धरला.

त्या दिवशी तळ्यापर्यंत त्यांनी एकही झाड वाजवलं नाही. तळ्याजवळच्या बाकावर मधोमध बसून राहिले. मोर ओरडला.

"टेप आहे," ते हळूच म्हणाले.

"हो काका."

"तू नुसती हो हो करून राहिली!" ते एकदम चिडले. "तुही काकू इथंच बसून भांडाची माह्याशी. खराच आहे म्हणाची."

मोर पुन्हा ओरडला. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "टेप आहे."

"नाही," मी म्हणाले. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "खरा मोर आहे. तुम्हाला काही कळत नाही."

काकांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग हात लांब करून शेजारचा साग दोनदा वाजवला.

"दाखव मंग," म्हणाले, आणि बाकावर एका बाजूला सरकले.