अजिंठ्याच्या आडवे येणारे मुनीरचाचा

आमच्या गल्लीत कुणाचा पाहुणा अजिंठा-वेरूळला निघाला, की मुनीरचाचा त्याच्या गाडीपुढे सायकल आडवी लावत.

"वेरूळ कायको? वेरूळ पळून चाललं व्हय?"

मग ते त्याला भलतीकडेच धाडत. फुलंब्रीच्या अलीकडं वडाच्या ढोलीत दुकान मांडलेला न्हावी बघायला, नाहीतर चितेगावजवळचा, हाकेला दोनदा ओ देणारा पूल ऐकायला. शेजारचे जोशी काश्मीरला निघाले, तर चाचांनी बजावलं, "वाटेत एक बारकं स्टेशन लागतं. उतरायचं, पेरू खायचा, मग दुसरी गाडी धरायची. काश्मीर थांबतं!" जोशी उतरले नाहीत. चाचांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

एका श्रावणात माझा मेहुणा नागपूरहून आला आणि तावडीत सापडला.

"गंगापूरच्या वाटंला एक विहीर हाय. वरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकलेत. लई देखनेकी चीज! आजच जायचं."

मेहुणा हट्टी, चाचा त्याहून हट्टी. ते सरळ आमच्या गाडीत जाऊन बसले. "कबूल करा, तवाच उतरतो."

कबूल केलं. गेलो. दुपारी चिखलानं माखून परतलो, तर चाचा आम्हाला थेट त्यांच्या घरी घेऊन गेले आणि उलटतपासणी सुरू झाली.

"पाणी किती वर होतं? खोपे हिरवे का वाळलेले? पाखरं भांडत होती?"

मेहुणा वैतागला. "अहो, स्वतःच जाऊन बघा ना!"

"परवाच बघून आलो की."

"मग आम्हाला का पिडता?"

तेवढ्यात आतून चाचींचा आवाज आला, "अजी, वो टेढी बाभूळ है क्या अब्बी?"

चाचांनी आवाज खाली आणला. "तिची नजर गेली. पहिलं आम्ही दोघं सायकलवर हिंडायचो. ह्या सगळ्या जागा तिनंच हुडकलेल्या. आता मी जाऊन येतो, सांगतो, तर म्हणते, माझं मन राखाया झूट बोलता. दुसऱ्यानं सांगितलं की पटतं तिला."

मेहुण्यानं खुर्ची आतल्या दाराशी ओढली.

"चाची, बाभूळ आहे. पार विहिरीवर वाकलीय. आणि एक खोपा अर्धाच विणून सोडलेला होता."

"मादीनं नापसंत केला असंल," चाची म्हणाल्या आणि खुदकन हसल्या. "अजून सांग."

मेहुणा सांगत राहिला. चाचा चहा ठेवायला उठले.